टायरमधून उत्तर आलं नाही

ऑगस्टमधल्या त्या शनिवारपासून खेळाडूंना सूचना देताना मी एका वाक्यापाशी अडतो. ‘बोलत राहा, गप्प बसू नका.’ पाच वर्षं हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हटलं असेल.

पवना धरणाच्या बाजूला पेंटबॉलच्या, म्हणजे रंगाच्या गोळ्या मारून एकमेकांना बाद करायच्या खेळाच्या, एका मैदानावर मी मार्शल आहे. पंच, शिक्षक आणि राखणदार, तिन्ही मीच. लोकांना माझी फक्त शिट्टी दिसते. खरं काम सकाळी, कोणी यायच्या आधी असतं. लोक ज्याला गन म्हणतात तो प्रत्येक मार्कर वेगमापकासमोर धरून तपासायचा. आमची मर्यादा सेकंदाला २८० फूट, म्हणजे ताशी ३०० किलोमीटरच्या थोडं वर. गोळी जेमतेम ३ ग्रॅमची. जिलेटिनचं कवच आणि आत पाण्याने धुतला जाणारा रंग. अंगावर बसली तर वळ उठतो, उघड्या डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाटलीवर चालणाऱ्या मार्करमध्ये ऊन चढलं की दाब वाढतो आणि वेगही वाढतो. म्हणून दुपारी पुन्हा तपासायचं. ही दुसरी तपासणी टाळणारे मार्शल मी पाहिले आहेत. त्यांना या कामावर ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या दिवशी हिंजवडीच्या एका कंपनीचे चौदा जण आले होते. सात विरुद्ध सात. पहिला डाव नेहमीसारखाच झाला, म्हणजे मुका. प्रत्येक जण आपापल्या आडोशामागे बसून समोरच्या फटीतून नाकासमोर बघत होता. समोरच्या गोळीपासून आडोसा वाचवतोच. बाद करणारा नेहमी तिरका असतो. डाव्या बाजूच्या ड्रममागच्या एका मुलाने दीड मिनिटात चौघांना टिपलं. नंतर विचारलं तर तिघांनी तो मुलगा पाहिला होता. सांगितलं एकानेही नव्हतं.

मग मी त्यांना अर्धा तास शिकवलं. हा अर्धा तास पॅकेजमध्ये नसतो, मी माझा देतो. मी गावाकडे कबड्डी खेळलो आहे, कोपरारक्षक म्हणून. चढाईपटू आत आला की कोपरा, मध्यरक्षक आणि साखळीतला जोडीदार एकमेकांशी सतत बोलत असतात. आपले किती उरले हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं, कारण तिघे किंवा कमी असताना पकड केली तर अव्वल पकडीचा जादा गुण मिळतो. पेंटबॉलला तेच लागतं, फक्त मैदान मोठं आणि तोंडावर मास्क. मास्कमुळे आवाज घुसमटतो आणि बाजूचं दिसत नाही. नजर तिरकी करून भागत नाही, मान वळवावी लागते. दोन गोळ्या मारल्या की मान फिरवा. ज्या कडेवरून एकदा डोकावलात तिथून लगेच पुन्हा डोकावू नका.

डावं-उजवं म्हणायचं नाही, हा माझा पहिला नियम. पुढे पळणारा आणि मागे वळलेला, दोघांचं डावं वेगळं असतं. जागांना नावं आहेत ती वापरायची: ड्रम, टायर, भिंत, मचाण आणि मध्ये उलटी घातलेली जुनी होडी. हाक तीन शब्दांची. कुठे, किती, काय करतोय. ‘ड्रम, दोन, पुढे.’ ऐकणाऱ्याने ती मोठ्याने परत म्हणायची. परत म्हटली नाही तर ती पोचली नाही असं धरायचं. सर्वांत मागे बसणाऱ्याने गोळ्या कमी मारायच्या आणि मोजत राहायचं. आपले किती, त्यांचे किती, कोण कुठे. ही जागा कोणालाच नको असते. त्या संघात ती एका ताईंनी मागून घेतली, कारण पळायचं नव्हतं, असं त्या म्हणाल्या.

या खेळाचा पहिला डाव २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावच्या जंगलात झाला. झाडांवर आणि गुरांवर खुणा करायचे मार्कर घेऊन बारा जण उतरले होते, प्रत्येक जण स्वतःपुरता. जिंकला तो जंगलात काम करणारा एक जण, एकही गोळी न झाडता. एकट्याने खेळताना गप्प राहणं हीच ताकद होती. संघ आले आणि खेळ बोलण्यावर आला. हे मी प्रत्येक गटाला सांगतो, त्यांनाही सांगितलं.

दुसरा डाव सुंदर झाला. दोन्ही बाजूंनी हाका येत होत्या, परत म्हटल्या जात होत्या, माणसं हाकेवर हलत होती. मला मनापासून आनंद होत होता. पाऊस भुरभुरायला लागला होता. होडीजवळ झेंड्यासाठी झटापट सुरू झाली, म्हणून मी तिकडे सरकलो.

आमच्याकडचे निम्मे मास्क एका काचेचे आहेत. पावसाळ्यात श्वासाने त्या काचा पांढऱ्या होतात. दुहेरी काचेचे घ्या असं मी जूनमध्येच मालकांना सांगितलं होतं. त्यांनी नवे मार्कर घेतले. मार्कर फोटोत दिसतात.

टायरच्या ढिगामागे एक चष्मेवाला मुलगा होता. चष्म्यावरही वाफ आणि मास्कवरही. सांगितलं होतं तसं त्याने हात वर केला आणि ‘मार्शल’ अशी तीनदा हाक मारली. दहा-अकरा तोंडं एकाच वेळी ओरडत होती. मला ऐकू आलं नाही. पलीकडच्या संघाला मात्र टायरमधून गोळी येत नाही हे बरोबर कळलं. ‘टायर, थंड, चला.’ दोघे तिकडे निघाले. मी अर्ध्या तासापूर्वी शिकवलेल्या पद्धतीने, एक समोरून गुंतवत, दुसरा बाजूने. मुलाने मास्क कपाळावर सरकवला आणि शर्टाने चष्मा पुसू लागला.

मागून ताईंचा आवाज आला. ‘टायर?’ थोड्या वेळाने परत, ‘टायर?’ मग त्या आडोशामागून सरळ उभ्या राहिल्या, मार्कर दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि ‘थांबा, थांबा’ म्हणून ओरडल्या. उघड्यावर उभ्या राहिल्यामुळे त्यांना लगेच तीन गोळ्या बसल्या. त्या हलल्या नाहीत. मी वळलो, मुलाचा मास्क नसलेला चेहरा पाहिला आणि शिट्टी फुंकली. बाजूने येणारा खेळाडू टायरपासून सात-आठ पावलांवर होता. बोट ट्रिगरवर होतं.

कोणाला काही झालं नाही. ताईंच्या खांद्यावर आणि मांडीवर वळ उठले. तुम्हाला कसं कळलं, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ‘आधी चार वेळा त्याने हाक परत दिली होती. पाचव्यांदा दिली नाही.’

मी तिसरा डाव रद्द केला. त्यांचे मॅनेजर म्हणाले, कुछ हुआ तो नहीं ना, आणि पैसे परत मागितले. मालकांनी ते दिले आणि माझ्यावर चिडले. त्या गटातले बरेच जण जेवताना या प्रसंगावर हसत होते. मुलगा गप्प होता. मास्क काढू नको असं चारदा सांगितलं होतं ना, असं मी त्याला जरा कडकच विचारलं. तो म्हणाला, ‘सर, दिसत नव्हतं आणि पावलं ऐकू येत होती.’

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तोच मास्क घातला, काच पांढरी होईपर्यंत आत श्वास सोडला आणि टायरमागे बसलो. एका सहकाऱ्याला सांगितलं, माझ्याभोवती फिर, कुठून येतोस ते सांगू नकोस. चिखलात पावलं वाजायला लागली. मला पक्कं माहीत होतं की त्याच्या हातात काहीही नाही. तरी अर्ध्या मिनिटात माझा हात मास्कच्या पट्ट्याकडे गेला होता. त्यानंतर त्या मुलाला कडक बोललो याचं वाईट वाटलं.

आता प्रत्येक मास्कच्या पट्ट्याला एक प्लास्टिकची शिट्टी बांधली आहे, माझ्या खर्चाने. ‘मार्शल’ हा शब्द इतर शब्दांत बुडतो, शिट्टी बुडत नाही. ती कोणीही वाजवली की डाव थांबतो. मुलं गंमत म्हणून वाजवतात, दिवसातून चार डाव वाया जातात, सहकारी कुरकुर करतात. करू देत. मागे बसणाऱ्याला आता मी वेगळं बाजूला घेऊन सांगतो, हाका मोजू नका, न आलेल्या मोजा. बहुतेकांना ते कळतं, पण डाव रंगला की तेही गोळ्या मारायला लागतात. ते कसं शिकवायचं हे मला अजून सापडलेलं नाही. त्या ताईंना ते मी शिकवलं नव्हतं.

मागच्या रविवारी एका कॉलेजच्या मुलीने मागून तीनदा विचारलं, ‘होडी?’ मी शिट्टी वाजवून डाव थांबवला आणि पळत गेलो. होडीमागचा मुलगा मास्क नीट घालून हसत बसला होता, त्याला उत्तर द्यायचा कंटाळा आला होता. मी त्याला बाहेर काढलं, त्या मुलीला तिच्या जागी परत बसवलं आणि डाव पहिल्यापासून सुरू केला.