रविवारची झाडं आणि पाचोळा

रविवारी नर्सरीत गर्दी बघितली की मला वाटतं, हे सगळे आपल्या रविवारच्या उत्साहात झाडं घेतायत, पण त्या बिचाऱ्या झाडांना सोमवार ते शनिवारसुद्धा त्याच घरात काढायचेत. नवरा-बायको दोघं सकाळी नऊला बाहेर, संध्याकाळी दमून घरी, आणि गाडीत मात्र चार कलमी गुलाब आणि लॉनच्या गाद्या. गुलाबाला पावसाळा संपला की छाटणी हवी, वर्षभर खत हवं, आणि लॉनचं तर बोलूच नका, ज्या पुण्यात मे महिन्यात टँकर मागवावे लागतात तिथे गवताला पाणी पाजायचं म्हणजे कमालच आहे. जास्वंदीला सगळे 'सोप्पी' म्हणतात, पण एकदा का शेंड्यांना पांढरा मावा चिकटला की मग बसा फांदी फांदी धूत आणि कडुनिंबाचं तेल फवारत!

माझं मत विचाराल तर बाग आपल्या टायमाला धरून लावावी. चिनी गुलाब दिसायला गोड, पण तो फुलतो भर उन्हात आणि आपण घरी येईपर्यंत मिटून मोकळा, म्हणजे त्याची मजा फक्त कामवाल्या मावशींना. त्यापेक्षा गुलबक्षी लावा, ती उमलतेच संध्याकाळी, एकदा बी पडलं की दरवर्षी आपली आपण येते, कुणाला विचारत नाही. सोनटक्का पण तसाच, पावसाळ्यात संध्याकाळी गेट उघडतानाच वास येतो, फक्त त्याला ओलसर जागा लागते म्हणून नळाजवळ, अळू आणि कर्दळीच्या शेजारी ढकलायचा. कढीपत्ता, गवती चहा, पानओवा, सदाफुली ही मंडळी तर तुम्ही चार दिवस विसरलात तरी रुसत नाहीत. आणि बारक्या बारक्या वीस कुंड्या नकोत, त्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत खडखडीत होतात, त्याऐवजी दोन-तीन मोठे वाफे करा, माती जास्त म्हणजे ओल जास्त टिकते.

पण खरं काम करतो तो पाचोळा. कोल्हापूरचे शेतीप्रयोग करणारे श्री. अ. दाभोळकर त्यांच्या 'प्रयोग परिवार' या प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातून कधीपासून सांगत होते की पालापाचोळा, उसाची चिपाडं हेच झाडाचं खाणं, आणि आपण फेब्रुवारी-मार्चमध्ये तेच झाडून पेटवतो, मग खताची पिशवी विकत आणतो. पुण्यात ब्राउन लीफ नावाचा ग्रुप आहे, ज्याला पाचोळा नको त्याच्याकडचा ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोचवतात, बघा किती साधी गोष्ट! वाफ्यावर वीतभर जाड थर टाकला की पाणी रोज घालायची गरज राहत नाही, तण पण फारसं येत नाही. ऐन मे महिन्यात तो थर जरा हाताने उकरून बघा, वरची पानं कुरकुरीत आणि खाली काळीभोर ओल, पानांना चिकटलेले बुरशीचे पांढरे धागे, एखादा वाणी किडा गोल वेटोळं करून पडलेला. हेच सगळे तुमचे बिनपगारी माळी.

प्रॉब्लेम एवढाच की लोकांना तो कचरा वाटतो. शेजारच्या काकू गेटमधूनच म्हणायच्या, "अगं, झाडून घे की एकदा ते!" मग मी वाफ्याभोवती जुन्या विटांची तिरकी कड लावून घेतली, जुन्या बंगल्यांत असायची ना तशी दातेरी, आणि पुढे अबोलीची एक ओळ. पाचोळा तोच, जागा तीच. परवा काकू थांबल्या, बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान दिसतंय हो, गार्डनवाला कुठला बोलावलास? किती घेतले त्याने?"