फ्लोराइट, टम्बलर आणि चार चमचे साखर

अ‍ॅगेट चांगलं पॉलिश झालं म्हणजे आपल्याला टम्बलिंग, म्हणजे फिरत्या डब्यात पाणी आणि घासायची पूड घालून दगड गुळगुळीत करणं, जमलं असं कोणी समजू नका. मी समजलो आणि जवळजवळ किलोभर फ्लोराइटची वाट लावली. अ‍ॅगेट म्हणजे आपल्याकडे नदीत सापडते ती गारगोटी, कडकपणा 10 पैकी (मोह्स मापावर) 6.5 ते 7, कसंही फिरवा काही होत नाही. फ्लोराइट फक्त 4, आणि वर चार दिशांनी सरळ फुटतं, नुसतं आपटलं तरी तिकोनी टवका निघतो.

माझा दीड किलोवाला रबर बॅरलचा टम्बलर आहे, गॅलरीत चालतो. पहिल्या लॉटला अ‍ॅगेटसारखीच 80 ची ग्रिट (घासायची पूड, आकडा जितका लहान तितकी जाड) टाकली आणि आठवडाभराने उघडलं तर आत राखाडी चिखल आणि अर्धे दगड गायब. ती चूक माझीच. मऊ दगडाला जाड ग्रिट लागतच नाही.

दुसरा लॉट 220 पासून सुरू केला. आकार छान गोल आले, पण प्रत्येक कडेला पांढरे डाग, खडीसाखरेचा खडा दाताखाली आल्यावर दिसतो तसे. 500 ने जातील म्हटलं, नाही गेले. ग्रिट विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे, "अजून आठवडाभर चालू द्या सर, नॉर्मल आहे." चालू दिलं, डाग वाढले. परत फोन, परत तेच उत्तर! असे तीन आठवडे गेले, बायको रोज विचारायची दळण झालं का म्हणून, आणि मी मूर्खासारखा ग्रिट बदलत बसलो होतो.

मग एका रात्री लाईट गेली. तासाभराने आली आणि मशीन सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा आवाज नीट ऐकला, कारण तोपर्यंत कानाला सवय झाली होती. खडखड, खडखड. अ‍ॅगेटच्या वेळी असा आवाज नव्हता, ओल्या वाळूत चप्पल घासल्यासारखा होता. बॅरल उघडला तर दगड झिजून निम्म्याच्याही खाली गेलेले, म्हणजे ते घसरत नव्हते, वर जाऊन धपाधप एकमेकांवर पडत होते. ग्रिटबरोबर आलेल्या कागदावर "अर्धा बॅरल भरा" छापलं होतं. अर्धा! फुटणाऱ्या दगडाला पाऊण तरी भरलेला पाहिजे, आणि दर स्टेजला उघडून पातळी बघायची. फोनवर त्या माणसाने एकदा जरी विचारलं असतं की बॅरल किती भरलाय, तर तीन आठवडे वाचले असते. अजून राग येतो.

उरलेली जागा प्लास्टिकच्या दाण्यांनी भरली, ते गादीसारखं काम करतात. आणि पाण्यात चार चमचे साखर घातली, पाणी दाट झालं की दगड सावकाश घसरतात. आई म्हणाली दगडाला कसली साखर, पण खडखड लगेच बंद झाली. त्रास एकच, झाकणावर थोडं सांडलं होतं तिथे सकाळी मुंग्यांची रांग. बॅरल बाहेरून पुसा. 500 वर पाच दिवस, मग अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडने पॉलिश, तेव्हा दाणे नवीन घ्या, जुन्या दाण्यांत ग्रिट रुतलेली असते आणि पॉलिशमध्ये ओरखडे पडतात. तसंच प्रत्येक स्टेजनंतर बॅरल झाकणाच्या खाचेपर्यंत घासून धुवा.

आधी सांगायचं राहिलं, दगड टाकण्यापूर्वी ओले करून उन्हात धरा, आतली चीर लगेच दिसते. चिरेचा एक दगड फुटला की त्याच्या धारदार कपच्या बाकीच्यांना खरवडतात. आणि अ‍ॅगेट, फ्लोराइट एकत्र फिरवू नका, जागा भरायला म्हणूनसुद्धा नाही.

शेवटच्या लॉटचे 26 पैकी 21 चांगले निघाले. एक जांभळा तर असा आलाय की उन्हात धरला की आतले पट्टे दिसतात. तो मी कोणाच्या हातात देत नाही, घरात फरशी आहे.

हो, आणि तो चिखल सिंकमध्ये ओतू नका, पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी काढा, गाळ कचऱ्यात. आमच्याकडे प्लंबर येऊन गेला.