रविवारची सुट्टी आणि खिशातली राज्यघटना

पेनसिल्व्हेनियातल्या एका वेअरहाऊसमध्ये मी एचआर बघते. थँक्सगिव्हिंग ते नाताळ आमच्याकडे मालाचा लोंढा असतो. सातही दिवस ट्रक भरायचे असतात, आणि त्यात कुणी रजा मागितली की ऑपरेशन्सवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. २०२३च्या हंगामात पॅकिंग लाइनच्या एका सुपरवायझरचा अर्ज माझ्या टेबलावर आला: रविवारी काम करणार नाही. एखाद्या रविवारी नव्हे, कुठल्याच नाही. माणूस बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा, आपल्या चर्चमध्ये डीकन म्हणजे सेवेकरी पदाधिकारी, आणि कामाला वाघ.

त्याच्याच लाइनवरच्या एका सोमाली बाईचाही अर्ज होता. हिवाळ्यात दिवस लवकर मावळतो, त्यामुळे नमाजाच्या वेळा शिफ्टमध्येच येतात. तिला दहा-दहा मिनिटं हवी होती, तीही जेवणाच्या सुट्टीतून कापून.

ऑपरेशन्स मॅनेजरने दोन्ही अर्जांवर ‘नाही’ लिहिलं होतं. एकाला दिलं की सगळे मागतील, आणि दोघांनाही नाही म्हटलं की भेदभावाचा प्रश्नच उरत नाही, असं त्याचं म्हणणं.

मी तिघांनाही एकत्र बसवलं. सुपरवायझरने शर्टाच्या खिशातून एक छोटी पुस्तिका काढून रोस्टरच्या शेजारी ठेवली. अमेरिकेच्या राज्यघटनेची खिशात मावेल अशी प्रत. कोपरे झिजलेले, धर्मस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या पहिल्या घटनादुरुस्तीखाली निळ्या पेनाने रेघ. इथल्या कॉन्झर्व्हेटिव्ह ख्रिश्चन मंडळींकडे अशा प्रती बऱ्याच दिसतात. “हक्क सरकार देत नाही, देव देतो,” तो म्हणाला. “सरकारने ते फक्त राखायचे, आणि आपल्या हद्दीत राहायचं.”

मी म्हटलं, “ही दुरुस्ती सरकारला बांधते, आपल्या खासगी कंपनीला नाही. कंपनीला बांधतो तो धर्मावरून कामावर भेदभाव करू नका म्हणणारा १९६४चा नागरी हक्क कायदा. तुम्हाला तर सरकार लहान हवं असतं. मग मालकाने रोस्टर कसं लावायचं हे वॉशिंग्टनने का सांगावं?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तो कायदा मलाही जरा टोचतो, खोटं कशाला बोलू. पण कंपनी मालकाची असली तरी रविवारी मी कुणाचा, हे ना मालक ठरवणार, ना सरकार.” त्याने अडचण लपवली नाही, आणि हे उत्तर मला प्रामाणिक वाटलं.

कायद्याचं पारडं तेव्हा नुकतंच फिरलं होतं. १९७७च्या एका निकालामुळे मालकाला किरकोळ खर्चापेक्षा जास्त काही सोसावं लागत असेल, तर धार्मिक कारणासाठीची सवलत नाकारता येते, असाच अर्थ वर्षानुवर्षं लावला जाई. जून २०२३मध्ये आमच्याच राज्यातल्या लँकेस्टर काउंटीतल्या एका पोस्टमनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की तेवढ्याने भागणार नाही, धंद्याच्या मानाने खर्च भरीव वाढतो हे दाखवावं लागेल. तो पोस्टमनही कट्टर श्रद्धेचा, इव्हँजेलिकल ख्रिश्चन, आणि भांडण रविवारच्याच पार्सलांवरून. सहकाऱ्यांना एखाद्याच्या धर्माचा राग येतो, ही ‘अडचण’ धरता येत नाही, हेही निकालात आहे. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मॅनेजरचा आवाज खाली आला. मग त्याने विचारलं, “निदान एकच मंजूर केला तर? रविवारचा?”

यावर सुपरवायझर जे बोलला ते मला अपेक्षित नव्हतं. “तिला नाही म्हणणार असाल तर माझाही अर्ज राहू द्या.” आणि त्याने व्हर्जिनियाची गोष्ट काढली. १७६० आणि ७०च्या दशकांत तिथे अँग्लिकन चर्च सरकारी होतं. त्याचा कर सगळ्यांनी भरायचा, आणि परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून बाप्टिस्ट धर्मोपदेशकांना तुरुंगात टाकत. टाकणारेही ख्रिश्चनच. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जेम्स मॅडिसनने तरुणपणी हे जवळून पाहिलं होतं. ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवायचा प्रस्ताव आला, तेव्हा १७८५मध्ये त्याने त्याविरुद्ध निवेदन लिहिलं. पुढच्या वर्षी व्हर्जिनियात थॉमस जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, १७९१मध्ये पहिली घटनादुरुस्ती. “माझे पूर्वज आत होते,” सुपरवायझर म्हणाला, “मी दुसऱ्याला बाहेर कसा ठेवू?”

त्या बाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती.

तोडगा तसा साधा निघाला. लाइनवर टॉयलेट ब्रेकसाठी एक रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, असतोच, नमाजाची दहा मिनिटं त्याच्यावर निभावली. दुसऱ्या लाइनचा सुपरवायझर शनिवार पवित्र मानणाऱ्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचा, त्याला शनिवार मोकळा हवा होता. दोघांनी वार बदलून घेतले.

पण या बदलाबदलीत रविवारचे पॅकर इकडचे तिकडे झाले आणि एका घटस्फोटित बापाचा रविवार गेला. कोर्टाच्या आदेशाने मुलं त्याच्याकडे त्याच दिवशी येतात. तो माझ्याकडे आला: “मी चर्चला जात नाही म्हणून माझी मुलं स्वस्त का?” कायद्यात त्याला उत्तर नाही. सद्सद्विवेकाचं संरक्षण मला मनापासून हवं आहे, पण त्याचा भार कुणाच्या तरी खांद्यावर पडतो, आणि तो खांदा बहुतेकदा गरजूचाच असतो. मी मॅनेजरशी भांडून रविवारसाठी आधी राजीखुशीने येणाऱ्यांची यादी आणि जास्तीचा दर मंजूर करून घेतला, तेव्हा कुठे त्या बापाची सुटका झाली.

सुपरवायझरचं माझं तेव्हापासून चांगलं जमतं, पण एका मुद्द्यावर नाही. १९६२च्या निकालाने सरकारी शाळांतली सामूहिक प्रार्थना बंद केली ती परत यावी, असं त्याला वाटतं. ब्रेमर्टन गावच्या सरकारी शाळेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाचा २०२२चा निकाल तो आनंदाने सांगतो. सामना संपल्यावर मैदानात गुडघे टेकून प्रार्थना करणं हा त्या माणसाचा हक्क आहे, असं कोर्टाने ठरवलं. माझी मुलगी सरकारी शाळेत जाते. मी त्याला म्हटलं, व्हर्जिनियातल्या त्या उपदेशकांनी सरकारी परवाना नाकारला होता, आणि इथे शाळेतल्या बाई सरकारचा पगार घेऊन वर्गापुढे हात जोडणार. नऊ वर्षांच्या पोरीने एकटीने हात खाली ठेवायचे, हे स्वातंत्र्य कसलं? तो म्हणतो, प्रशिक्षकाने कुणावर सक्ती केली नव्हती. मी म्हणते, खेळाडूही त्याच्या शेजारी गुडघे टेकत होते, आणि पुढच्या सामन्यात मैदानात कोण उतरणार यात त्याचा शब्द चालत होता.