एवढा पगार घेतो आणि…

फुटबॉलपटूचा पगार आपल्याला कधी आठवतो, याची एक ठरलेली वेळ आहे. गड्याने लांबून चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात घातला की आपण खुर्चीतून उठतो, ओरडतो, शेजारी जो असेल त्याच्या गळ्यात पडतो. हा माणूस आठवड्याला किती कमावतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नाही. पुढच्या सामन्यात तोच पेनल्टी बारवरून थेट प्रेक्षकांत धाडतो आणि खोलीतून कुणीतरी म्हणतंच, "एवढा पगार घेतो आणि साधी पेनल्टी मारता येत नाही!" आकडा सगळ्यांना पाठ असतोच, फक्त तो तोंडातून बाहेर पडायला चेंडू बारवरून जावा लागतो. मीही हे वाक्य पुष्कळदा म्हटलंय, आणि दर वेळी अगदी मनापासून.

इंग्लंडमध्ये अजून फुटबॉलपटूचा पगार आठवड्याच्या हिशोबात सांगतात. डॉक्टरचा, मंत्र्याचा, बँकेच्या मुख्याधिकाऱ्याचा पगार वर्षाचा, ह्याचा मात्र आठवड्याचा. गिरण्या-खाणींतल्या कामगारांना आठवड्याचं पाकीट मिळायचं आणि खेळाडूही त्याच वस्त्यांतून यायचे. पुढे वस्त्या बदलल्या, आकड्यावर शून्यं चढत गेली, पण हिशोबाची सवय तीच राहिली. मला तर वाटतं, लोकांच्या रागाचं अर्धं मूळ इथेच आहे. हा अजूनही मनातून आपल्याला कामगार वाटतो, आणि कामगाराने एवढं कमवायचं नसतं.

गंमत म्हणजे हा राग फार जुना आहे, आणि एके काळी त्याचा नियमच झाला होता. 1901 साली इंग्लिश फुटबॉलमध्ये कमाल वेतन ठरलं: आठवड्याला 4 पौंड. कितीही मोठा खेळाडू असो, त्याहून एक पेनी जास्त द्यायची नाही. कारागिराच्या मानाने तेव्हा ती रक्कम वाईट नव्हती. पण मर्यादा घातली की पळवाट आलीच. 1906 मध्ये मँचेस्टर सिटीचे चोरटे पगार उघडकीला आले, 17 खेळाडूंवर बंदी आली, आणि त्या संघाचा हिरा असलेला बिली मेरेडिथ, मूळचा वेल्समधला खाणकामगार, सरळ मँचेस्टर युनायटेडकडे गेला. वर पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटना उभी करण्यात पुढाकारही त्यानेच घेतला. असा माणूस मला कादंबरीत भेटला असता तर लेखकाने जरा जास्तच रंगवलाय असं वाटलं असतं.

ही मर्यादा थोडी थोडी वर सरकत साठ वर्षं टिकली. 1948-49 च्या हंगामात इंग्लिश लीगचे सामने बघायला 4 कोटींहून जास्त प्रेक्षक आले. आजवरचा तो उच्चांक आहे. त्या वर्षी सर्वात वरच्या खेळाडूचा पगार होता आठवड्याला 12 पौंड. आता 4 कोटी लोकांनी तिकिटं काढली म्हणजे पैसा आला होताच. तो खेळाडूंच्या खिशात गेला नाही, एवढंच. "मालक फार कमावतात" असं तेव्हा स्टँडमध्ये कुणी ओरडलं असेल तर असेल, पण मालक पेनल्टी मारायला येत नाही, त्यामुळे त्याचं चुकलेलं कुणाला दिसत नाही.

टॉम फिनी हा त्या काळातला थोर खेळाडू. इंग्लंडकडून खेळायचा आणि प्लंबिंगचं कामही करायचा. 1952 मध्ये इटलीतल्या पालेर्मो क्लबने त्याला नुसत्या सहीचे 10,000 पौंड देऊ केले, वर पगार, बंगला आणि गाडी. त्याच्या प्रेस्टन क्लबने नाही म्हटलं आणि विषय संपला. कारण करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच मुठीत राहायचा. क्लबने सोडलं नाही तर दुसरीकडे खेळता येत नसे. फिनी प्रेस्टनलाच राहिला, आणि आज त्याचं नाव 'एकनिष्ठ' म्हणून घेतात. असेलही तो एकनिष्ठ. पण दाराला बाहेरून कडी असताना आत बसलेल्याच्या निष्ठेची परीक्षा कशी करायची, ते मला कळत नाही.

"पूर्वीचे खेळाडू पैशासाठी नाही, शर्टासाठी खेळायचे," असं म्हणणारे भेटले की मला 1966 चा इंग्लंडचा संघ आठवतो. जग जिंकलं, बोनस मिळाला माणशी 1000 पौंड. त्या संघातला रे विल्सन पुढे अंत्यविधीचा व्यवसाय करू लागला. नॉबी स्टाइल्सने म्हातारपणी आपलं विश्वचषकाचं पदक विकलं. अखेरच्या वर्षांत त्याला स्मृतिभ्रंशाने गाठलं होतं, आणि त्या संघात तो एकटाच नव्हता. त्या संघाबाहेरचा, वेस्ट ब्रॉमविच क्लबचा जेफ अ‍ॅसल हेडिंगसाठी, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्यासाठी, नावाजलेला. 2002 मध्ये वयाच्या 59 व्या वर्षी तो गेला, तेव्हा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने मृत्यूचं कारण व्यवसायजन्य आजार, म्हणजे हेडिंग करून करून झालेली मेंदूची इजा, असं नोंदवलं. हा जो काय व्यवसाय होता त्याचा योग्य पगार किती, हे त्याच्या हयातीत कुणी विचारलं नव्हतं.

कमाल वेतन गेलं 1961 च्या जानेवारीत, तेही संपाची धमकी दिल्यावर. संघटनेचा पुढारी होता जिमी हिल. तेव्हा मर्यादा होती 20 पौंड. काही महिन्यांतच फुलहॅमच्या जॉनी हेन्सला आठवड्याला 100 पौंड मिळू लागले. दोन वर्षांनी जॉर्ज ईस्टहॅम हा खेळाडू आपल्या जुन्या न्यूकॅसल क्लबविरुद्ध कोर्टात जिंकला आणि बाहेरची कडी सैल झाली. ती पुरती निघाली 1995 मध्ये, युरोपीय न्यायालयाने जाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या बाजूने निकाल दिला तेव्हा: करार संपला की खेळाडू मोकळा. आजच्या अवाढव्य पगारांचा पाया त्या निकालात आहे. खुद्द बोस्मानच्या हाती फारसं काही लागलं नाही. कज्जा चालवण्यात त्याची खेळण्याची उमेद गेली, पुढे बेकारी आली, दारू आली. त्याच्या जिवावर कोट्यधीश झालेल्यांनी त्याला वर्गणी काढून पेन्शन द्यायला हवी होती, असं माझं आपलं मत.

यावर हमखास येणारा मुद्दा म्हणजे नर्सचा. नर्सला इतके, आणि चेंडूला लाथ मारणाऱ्याला तितके? प्रश्न खोटा नाही, मला तो टोचतो. पण तुलनेला नेहमी फुटबॉलपटूच का उभा करायचा? 2020 च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, ब्रिटनच्या आरोग्यमंत्र्यांनी प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वात वरच्या लीगच्या, खेळाडूंनी पगार कमी घ्यावा असं जाहीरपणे सुचवलं. क्लबांचे अब्जाधीश मालक त्यांना तेव्हा सुचले नाहीत. खेळाडूंनी आपापसांत बोलून आरोग्यसेवेसाठी निधी उभा केला. नर्सचा पगार मात्र सरकार ठरवतं, आणि एखाद्या बड्या खेळाडूचा पगार उद्या निम्मा केला तर उरलेला पैसा क्लबच्या मालकांकडे राहील, इस्पितळाकडे जाणार नाही.

आणि हा पैसा येतो कुठून? 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा प्रक्षेपणाचा पहिला करार पाच वर्षांसाठी 304 दशलक्ष पौंडांचा म्हणून गाजला. 2016 ते 2019 या तीन वर्षांसाठी, फक्त ब्रिटनपुरते, 5 अब्ज पौंडांहून जास्त मोजले गेले. नर्स एका वेळी एका रुग्णाची नस शोधते. स्ट्रायकर एकदाच धावतो आणि ते धावणं कोट्यवधी घरांत विकलं जातं. शर्विन रोझेन या शिकागोच्या अर्थतज्ज्ञाने 1981 मध्येच हे मांडलं होतं: एकाच कामाचा माल जगभर पोचवता आला, की पहिल्या नंबरच्या आणि दहाव्या नंबरच्या माणसाच्या गुणांत तसूभर फरक असला तरी कमाईत दरी पडते. कोट्यवधी घरांतल्या त्या गर्दीत मीही बसलेलो असतो. महिन्याचे पैसे मुकाट भरतो आणि मग ते ज्याच्याकडे पोचले त्याच्या नावाने बोटं मोडतो.

खेळाडू संत आहेत असं मुळीच म्हणायचं नाही. मेस्सी 2016 मध्ये करचुकवेगिरीत दोषी ठरला, रोनाल्डोने 2019 मध्ये गुन्हा कबूल करून जवळपास 19 दशलक्ष युरो भरले. इतकं मिळूनही कर चुकवावासा वाटतो, तिथे माझी सहानुभूती संपते.

माझा खरा राग वेगळ्याच ठिकाणी आहे. व्यावसायिक फुटबॉलपटू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ते चाळीस-पन्नास चेहरे येतात. 2016 मध्ये खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, फिफप्रोने, 54 देशांतल्या हजारो व्यावसायिक खेळाडूंना विचारलं, तेव्हा 45 टक्क्यांहून जास्त जण महिन्याला 1000 डॉलरांपेक्षा कमी कमावत होते, आणि 41 टक्के खेळाडूंचे पगार आधीच्या दोन हंगामांत कधी ना कधी थकले होते. इंग्लंडमध्येसुद्धा हेच. बरी नावाचा क्लब, 1885 चा, दोनदा एफए कप हा इंग्लंडचा मानाचा चषक जिंकलेला. 2019 च्या वसंतात त्यांनी वरच्या विभागात बढती मिळवली, तीही पगार थकलेले असताना, आणि ऑगस्टमध्ये त्यांना लीगमधून काढून टाकलं, कारण मालकाला पैशांची हमी देता आली नाही. तिथून मँचेस्टरची दोन्ही मैदानं अगदी जवळ आहेत. त्या मैदानांवर एकेका खेळाडूचा आठवड्याचा पगार बरीच्या कितीतरी खेळाडूंची थकबाकी फेडून उरला असता.

पण तो पगार कापला असता म्हणून बरी वाचला असता का? नाही. पैसा वरून खाली यायचा असेल तर वाट पाडावी लागते, आणि ती पाडणं खेळाडूच्या हातात नसतं. 2025 च्या जुलैमध्ये ब्रिटनने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. क्लबला परवाना देणं, मालक होऊ बघणाऱ्याला तपासणं, वरच्या आणि खालच्या लीगमध्ये पैशांच्या वाटपावरून जुळलं नाही तर मध्ये पडणं, ही त्याची कामं. पगाराला मर्यादा घालण्याचं काम त्याच्याकडे दिलेलं नाही. साठ वर्षं ते करून झालेलं आहे, आणि तेव्हा कुणाची चांदी झाली होती हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे. नियामक वाटपाचं भांडण खरंच सोडवेल की नुसती पत्रं लिहीत बसेल, याची मला धास्ती वाटते. बड्या क्लबांचे वकीलही काही 12 पौंडांवर काम करत नाहीत.