टक वाजणारी नळी : आमची वाटचाल

सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच नाही. ती चिमट्यापासूनच करायला हवी, वाफेच्या नळ्यांची तोंडं दाबून बंद करायच्या चिमट्यापासून.

आमच्या शेडमध्ये शिरलात की उजव्या हाताला, जुन्या जॅकच्या शेजारी तो टांगलेला दिसेल. ट्रकच्या पाट्यातून कापलेले दोन जबडे आणि खाली तीन टनी हायड्रॉलिक जॅक. जबड्यांची धार मुद्दाम मारलेली आहे. तिथं सहा मिलिमीटरची गोलाई ठेवली आहे, कारण धार तीक्ष्ण असली तर नळीच्या तोंडाची तांब्याची टोटी कापली जाते आणि फार बोथट असली तर आत केसाएवढी फट राहते. ही गोलाई सापडायला आम्हाला सात महिने लागले. ज्यांनी हीट पाईप बंद केलाय त्यांना सात महिने का लागतात ते सांगायला नको.

२००९ साली मी आणि मिस्त्री, दोघांनी हा धंदा काढला. मिस्त्री कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ऑईल इंजिनांच्या जमान्यातले. शेतकऱ्यांच्या विहिरी ओढणारी इंजिनं ज्या हातांनी जोडली, त्यातले दोन हात त्यांचे. माझ्याकडे डिप्लोमा आणि एक कल्पना होती, त्यांच्याकडे बाकी सगळं. कल्पना साधी होती. गुऱ्हाळाच्या धुराड्यातून जी आग फुकट वर जाते ती पकडायची, तिची वाफ करायची आणि त्या वाफेवर इंजिन फिरवायचं. गुऱ्हाळावरच्या लायटी आणि रसाचा पंप त्यावर चालला पाहिजे, एवढीच महत्त्वाकांक्षा. घाण्याला लागणारी ताकद यातून निघणार नाही, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हीट पाईप म्हणजे काय हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अमेरिकेत लॉस अलामोसला त्यावर काम केलं आणि पुढं ती अवकाशयानात गेली. आमची मात्र गुऱ्हाळाच्या भट्टीत, चुलवाणात गेली. हवा काढलेली बंद नळी, आत थोडं पाणी. खालचं टोक धुरात, वरचं टोक पाण्याच्या ड्रममध्ये. खाली पाणी उकळतं, वाफ वर जाते, ड्रममधल्या पाण्याला उष्णता देऊन थिजते, म्हणजे परत पाणी होते, आणि आतल्या भिंतीवरून ओघळत परत खाली येते. उभ्या नळीत पाणी परत ओढून आणणारी वातीची जाळी लागत नाही, वजनानंच पाणी परततं. पुस्तकी भाषेत याला थर्मोसायफन म्हणायला हवं, पण बाजारात सगळे हीट पाईपच म्हणतात, मीही म्हणतो.

साध्या बॉयलरपेक्षा यात फायदा कसला, असं विचारणारे अजून भेटतात. साध्या बॉयलरची एक नळी फुटली की सगळं पाणी आगीवर येतं आणि दिवस गेला. इथं एक नळी गेली तर तेवढीच गेली, बाकीच्या ७१ चालू. आमच्या युनिटला ७२ नळ्या असतात. प्रत्येक १ मीटर लांब आणि २५ मिलिमीटर व्यासाची. एका नळीमागं साधारण सव्वा किलोवॅट उष्णता धरा.

नळी भरायची कशी, यावर आमची पहिली दोन वर्षं गेली. आधी व्हॅक्यूम पंप लावला. पंप हवेबरोबर पाणीही ओढायचा आणि त्याच्या तेलाचं ताक व्हायचं. मग मिस्त्रींनी आजीच्या घरच्या अक्कलेनं सांगितलं, "पाणीच हवा हाकलंल की." तेव्हापासून असं करतो. नळीत ११५ ग्रॅम पाणी घालायचं. वजनाला काटा गुजरीतल्या सोनाराकडून जुना विकत घेतलाय, तसला काटा कुठं नाही. खालून ज्योत लावायची. टोटीतून जोरात वाफ निघते, ती हवेला घेऊन जाते. १५ ग्रॅम उडालं की वाफ निघत असतानाच चिमटा दाबायचा आणि लगेच टोकाला टिग वेल्डिंग मारायचं. थंड झाल्यावर परत काट्यावर. १०० ग्रॅम भरलं तर रांगेत, नाहीतर बाजूला.

आणि शेवटची परीक्षा कानाची. नळी हातात धरून झटका द्यायचा. आत हवा नसेल तर पाणी तळाला आपटून "टक" असा धातूचा आवाज येतो, कुणीतरी आतून खिळा मारल्यासारखा. हवा असेल तर "चुबुक" होतं. मिस्त्री डोळे मिटून ७२ नळ्या झटकायचे आणि एखाद्या नळीला नाकानं "हं" म्हणून बाजूला टाकायचे. मी तापमानाच्या बंदुकीनं तपासलं तरी त्यांचंच खरं निघायचं.

आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे पन्हाळ्याच्या पायथ्याचे आबा. २०१२ च्या दिवाळीनंतर त्यांच्या चुलवाणामागं युनिट बसवलं. इंजिन मिस्त्रींनी एका जुन्या स्लो स्पीड डिझेल इंजिनाच्या सांगाड्यावर बांधलं होतं. ७ किलो दाबाला ताशी सव्वाशे किलो वाफ खाऊन ते ५ एचपी द्यायचं. हिशेब करणारे हसतील. उष्णतेतले शंभरातले ४ भागच कामाला आले. एका कॉलेजातले सर आले होते, त्यांनी कागदावर आकडा काढून माझ्यापुढं सरकवला आणि काही बोलले नाहीत. मला राग आला होता, अजून आहे.

पण खरी गंमत वेगळीच होती. इंजिनातून सुटलेली वाफ आम्ही आधी वर सोडून द्यायचो. आबा उभे राहून बघायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "अरं, एवढी वाफ आभाळाला कशाला देतोस? माझ्या रसाला दे की." मग रसाच्या टाकीत स्टीलची वेटोळी नळी सोडली. वाफेत इंजिनाचं तेल असतं, म्हणून ती रसात थेट सोडायची नाही, बंद वेटोळ्यातूनच फिरवायची. कुणी सोडत असेल तर गुळाला वास मारेल, आधीच सांगून ठेवतो. काहिलीत पडतानाच रस ऊन असल्यामुळं आधण लवकर उतरायला लागलं आणि चिपाड शिल्लक पडायला लागलं. "तुझ्या नळीनं माझा जळव्या आळशी केला," आबांची ही शिफारस मी पुढं दहा गावांत सांगितली. जळव्या म्हणजे चुलवाणात चिपाड घालणारा गडी. इंजिन हा आमचा हट्ट होता. आबांचे पैसे वाचले ते त्या सुटलेल्या वाफेनं. हे कबूल करायला मला तीन वर्षं लागली.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

२०१४ ला तांब्याचा भाव आम्हाला परवडेनासा झाला आणि हातात पाच युनिटांची ऑर्डर होती. मी ठरवलं, नळ्या साध्या लोखंडाच्या करू. मिस्त्री नको म्हणाले. कारण त्यांना सांगता येईना, एवढंच म्हणाले, "लोखंड नि पाणी एका घरात नांदत न्हाई." मी डिप्लोमावाला, मी ऐकलं नाही. पाच युनिट, ३६० नळ्या. सगळ्या टक वाजल्या. दिवाळीनंतर बसवल्या, डिसेंबरपर्यंत उत्तम.

जानेवारीत पहिला फोन, इंजिन दमतंय. मग दुसरा. आग तीच, चिपाड तेच, वाफ निम्मी. ड्रम उघडून बघितला तर नळ्यांची वरची टोकं कोमट. एक काढली, झटकली. चुबुक. मिस्त्रींनी टोटी कापली आणि शेजारी गॅसची ज्योत होती, तर टोकाशी निळसर "फट्" झालं. ते म्हणाले, "मालक, नळी मेली."

हायड्रोजन होता. गरम लोखंड आणि पाणी यांची आत क्रिया होते, लोखंडावर काळा थर बसतो आणि हायड्रोजन सुटतो. तो वायू थिजत नाही, वरच्या टोकात गाठोडं बांधून बसतो आणि वाफेला वर येऊच देत नाही. आतून रासायनिक प्रक्रिया करून लोखंडाच्या नळ्या टिकवतात, चीनमध्ये तसं होतं, पण ते नंतर कळलं. तेव्हा आमच्याकडं ३६० मेलेल्या नळ्या आणि पाच रागावलेले गुऱ्हाळवाले होते, आणि हंगाम होळीपर्यंतच.

सगळ्या नळ्या आमच्या खर्चानं तांब्याच्या करून दिल्या. त्यासाठी मोठा लेथ विकला. ज्या दिवशी टेम्पो आला, मिस्त्रींनी चकवरून एकदा हात फिरवला आणि चहाला निघून गेले, ते संध्याकाळीच आले. आबांना कळलं तेव्हा ते स्वतःच्या गाडीतून गुळाचे दोन रवे आणि पुढच्या वर्षीच्या युनिटची आगाऊ रक्कम घेऊन आले. त्यांना दुसऱ्या युनिटची गरज नव्हती, मला माहीत आहे. मी ते बसवलं मात्र.

आणि याच महिन्यात आमच्याकडं चार वर्षं फिटर असलेला एक गडी निघून गेला आणि दोन गल्ल्या सोडून शेड घातली. नाव घेत नाही. त्यानं प्रत्येक गुऱ्हाळावर जाऊन सांगितलं, "त्यांच्या नळ्या हंगामात मरतात." हे खोटं असतं तर मी भांडलो असतो. खोटं नव्हतं, तेच डाचतं. आम्ही बदलून दिल्या, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही.

त्याचं यंत्र आमच्यापेक्षा तिसऱ्या हिश्शानं स्वस्त. कसं, ते बघितल्यावर कळलं. २५ लिटरपेक्षा कमी पाण्याच्या भांड्याला कायद्यात बॉयलर धरत नाहीत, म्हणून यानं २४ लिटरचा ड्रम केला. मलाही हा सल्ला अनेकांनी दिला होता. करून बघा एकदा. ताशी सव्वाशे किलो वाफ काढायची तर चोवीस लिटर पाणी बारा मिनिटांत संपतं. ड्रमात पाणी भरणाऱ्या पंपाच्या झडपेत चिपाडाचा एक तुकडा अडकला की झालं. ड्रमात पाणी आहे तोवर नळीच्या आत १९० अंशांच्या आसपास आणि बारा-साडेबारा बार. ड्रम कोरडा पडला की उष्णता जाणार कुठं? ३०० अंशाला आत ८५ बारच्या वर दाब जातो आणि तांबं तोवर मऊ झालेलं असतं. म्हणून आमचा ड्रम मोठा, तपासणी रीतसर, पाणी कमी पडलं की वितळणारा प्लग आणि पाण्याची पातळी दाखवणारी काच दोन ठिकाणी. नवीन मुलांना माझं सांगणं आहे, काचेचा नळ रोज सकाळी उघडून सोडा. विचारलं नाहीत तरी सांगतो.

तर त्याचा एक ड्रम कोरडा पडलाच. नळ्या दुधीभोपळ्यासारख्या फुगल्या, दोन उकलल्या. अंबाबाईची कृपा, जळव्या तंबाखू मळायला बाहेर गेला होता. मला वाटलं आता लोकांना फरक कळेल. कळला तो असा, की "नळीची वाफ धोक्याची." त्या वर्षी आमच्याही चार ऑर्डरी गेल्या. चूक त्याची, पाप आमच्या दारात. पुढं २०१९ च्या महापुरात ऊस पाण्यात आणि शिरोलीला हायवे बंद, त्यावर रडण्यात अर्थ नाही, ते सगळ्यांचंच झालं. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

आबांचं पहिलं युनिट यंदा पावसाळ्यात खोलून आणलं. ७२ नळ्या टेबलावर मांडल्या. मिस्त्रींचा डावा कान आता जातोय, म्हणून ते उजवा पुढं करून झटकत होते. ६९ टक वाजल्या. तीन बाजूला पडल्या, त्यातली एक मला टकच वाटली होती. कापली, तर टोटीच्या डाकात भेग. त्या तीन बदलल्या आणि नळ्यांवरची राख खरवडून युनिट परत पाठवलं. बिलाचा विषय आबांनी काढला, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

गेल्या महिन्यात त्या दोन गल्ल्यांपलीकडच्या शेडमधून एक पोरगं आलं. त्यांचा चिमटा मोडलाय, चार दिवस तुमचा मिळेल का म्हणून मालकांनी विचारलंय. मिस्त्री माझ्याकडं बघायला लागले. मी दिला. दोन हजार रुपये डिपॉझिट मात्र ठेवून घेतले, पावती फाडली.

आज एकोणीस दिवस झाले, चिमटा अजून परत आलेला नाही.