इंजेक्शनआधी कोणी विचारलंच नाही, मूल हवंय का

लग्नाला दोन वर्षं झाली होती, माझं वय एकतीस. धंदा केळीचा, सावद्याकडे. दिवसा बाग कापायची, संध्याकाळी माल मोजून गाडी भरायची. उत्तरेकडची गाडी सुटेपर्यंत रात्रीचे दोन-अडीच वाजायचे. वजन ९८ किलोवर गेलं होतं. उठलो तरी अंग जड, कशात मन लागेना, बायकोजवळ जायची इच्छाही होईना. जिममधला एक जण म्हणाला, "भो, टेस्टोस्टेरॉन तपासून घे, ते पुरुषी हार्मोन."

तपासलं. दुपारी चार वाजता, जेवून. आकडा आला २१८, तीनशेच्या खाली म्हणजे कमी. एका दवाखान्यात रिपोर्ट दाखवला, पाच मिनिटांत टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन लिहून मिळालं, दर तीन आठवड्यांनी एक. मी पाच घेतली. खरं सांगतो, बरं वाटलं. महिन्याभरात तरतरी आली, इच्छा परत आली. म्हणूनच शंका आली नाही.

इकडे घरात पाळण्याची चर्चा सुरू. आईने मनुदेवीला नवस बोलला आणि बायकोला तपासायला नेलं. आधी तिलाच! तिची सोनोग्राफी झाली, रक्त झालं, सगळं नीट निघालं. मग डॉक्टरबाईंनी माझी वीर्यतपासणी सांगितली. शुक्राणू एका मिलिलिटरमध्ये २० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने खालची पातळी १.६ कोटींची धरतात.

"काही औषध चालू आहे का?" बाईंनी विचारलं. मी इंजेक्शनचं नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. इतके दिवस नातेवाइकांचे टोमणे तिने ऐकले होते, आणि कारण मी स्वतः टोचून घेत होतो. ती नजर मी विसरलेलो नाही.

जळगावच्या हार्मोनच्या डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथी असते. ती एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन सोडते, त्यावर वृषणं टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू तयार करतात. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी हुकूम देणं थांबवते. रक्तातला आकडा चांगला दिसतो, पण शुक्राणूंचं काम बंद पडतं. माझं एलएच जवळपास शून्य होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ५३ टक्के; तो वाढला की रक्त घट्ट होतं. ५४ च्या वर गेलं तर इंजेक्शन थांबवावंच लागतं. हे तपासायचं असतं हेही मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा पहिला राग मात्र त्या दुपारच्या एकाच रिपोर्टवर होता. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, म्हणून आठ ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा बघायचं. सोबत एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉईड. बिघाड वृषणात आहे की वर पिट्युटरीत, हे त्यावरून कळतं आणि औषध त्यावर ठरतं. ज्याच्या वृषणांतच कायमचा बिघाड आहे त्याला इंजेक्शन किंवा जेल लागतंच, आणि त्याने घाबरून ते सोडू नये. पण ज्याला मूल हवंय त्याला ते द्यायचं नाही.

माझं इंजेक्शन बंद झालं. नुसती वाट बघितली तरी बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण सहा महिने ते दोन वर्षंही लागू शकतात. आम्ही औषधाचा रस्ता घेतला. आठवड्यातून दोनदा एचसीजीचं इंजेक्शन, जे एलएचचं काम करतं, आणि एक दिवसाआड क्लोमिफीनची २५ मिलिग्रॅमची गोळी. मेडिकलवाला चिठ्ठी बघून म्हणाला, "ही वहिनींची ना?" गोळी मुळात बायकांना बीज सुटण्यासाठी देतात. पुरुषात ती पिट्युटरीला पुन्हा हुकूम द्यायला लावते. मी म्हटलं, "माझीच आहे." ते चारचौघांत म्हणायला बळ लागलं. डोळ्यांपुढे चमकलं, धूसर दिसलं तर लगेच कळवायचं, एवढं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सगळ्यात अवघड होती झोप. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं आणि माझी झोप चार तासांची. वर घोरणं, तपासणीत झोपेत श्वास अडकत असल्याचं निघालं. पोटाची चरबी टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, करते, म्हणजे वजनही त्यातच. रात्रीची गाडी मी धाकट्या भावाकडे दिली. पैसे कमी झाले, आई चिडली, "रात्रीचा धंदा काबरं सोडला?" मी तिला सगळं सांगितलं. नवस कोणासाठी बोलायला हवा होता तेही सांगितलं. ती बायकोशी दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी भरीत आणि कळण्याच्या भाकरी करून बसली.

शेवभाजीची तर्री सुटली, तापीच्या बाजूला रोज पहाटे चालणं लागलं. आठ महिन्यांत १४ किलो उतरले. सातव्या महिन्यात शुक्राणू १.९ कोटी. मग एचसीजी थांबलं, मागच्या महिन्यात गोळीही. औषधाशिवाय टेस्टोस्टेरॉनचा सकाळचा पहिला आकडा ३९० आला. दुसऱ्या सकाळचा नमुना सोमवारी द्यायचा आहे. पहिल्या गाडीने आम्ही दोघं जळगावला निघू.