नव्या संचात

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती वाचायची मला सवय आहे. नाटकाला जायचं असतं असं काही नाही. चौकटीला लागून चौकट, दुपारी ४.३०, रात्री ८.३०, कुठल्या तरी नाट्यगृहाचं नाव आणि खाली ‘प्लॅन सुरू’. वाचता वाचता डोळा लागतो, हा खरा फायदा. परवा मात्र लागला नाही. एका जुन्या नाटकाची जाहिरात होती आणि नाटकाच्या नावापेक्षा मोठ्या टायपात छापलं होतं: ‘नव्या संचात!’ आता हे उद्गारचिन्ह नेमकं कोणासाठी? ज्यानं जुना संच पाहिलाय तो आठ्या घालणार. ज्यानं पाहिलेलाच नाही, त्याला नवा काय नि जुना काय.

आमचे बाबा आठ्या घालणाऱ्यांतले. मी चौथी-पाचवीत असेन. आम्ही सगळे नटूनथटून नाटकाला गेलो, तर दारातल्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं की आजच्या प्रयोगात अमक्यांची भूमिका तमके करतील. बाबांनी तो फळा दोनदा वाचला. मग तिकीट खिडकीपाशी जाऊन काहीतरी बोलले, परत आले, आणि ‘चला आता, आलोच आहोत तर’ म्हणाले. संपूर्ण प्रयोग हाताची घडी घालून. मध्यंतरात वडा खाताना म्हणाले, “बरा करतो. पण तो तो नाही.” आई म्हणाली, “अहो, त्या बिचाऱ्यानं काय करायचं मग?” मला आठवतो तो त्या बिचाऱ्याचा कोट. दुसऱ्याच्या मापानं शिवलेला. बाह्या पार बोटांपर्यंत येत होत्या आणि तो बोलता बोलता त्या मागे सारायचा. वाक्य, बाही, वाक्य, बाही. परतताना बसमध्ये बाबांनी मूळ नटाच्या ढंगात सगळे टाळ्यांचे संवाद म्हणून दाखवले. मी मात्र मनातल्या मनात कोटवाल्याच्या बाजूनं होतो. तेव्हापासून रिप्लेसमेंट दिसली की मी तिच्या बाजूचा.

ही खोड नाटकापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण पुढे आतेभावाच्या खोलीत डीप पर्पल हा इंग्लिश रॉक बँड ऐकायला मिळाला आणि तिला भलतंच कुरण सापडलं.

दादा इंजिनिअरिंगला होता. एक-दोन कॅसेटी काळ्या घोड्याच्या रिदम हाउसमधून घेतलेल्या, बाकीच्या कोऱ्या कॅसेटींवर भरून आणलेल्या. भरलेल्या कॅसेटीच्या कागदावर बॉलपेननं गाणी आणि खाली पाच नावं. वर कोपऱ्यात गोल करून आकडा: मार्क दोन, मार्क तीन. या बँडचे भक्त जगभर संचांना असेच नंबर देतात. दादा मला गाणं लावून विचारायचा, “ओळख, कितवा मार्क?” त्याचा जीव मार्क दोनवर. मी मुद्दाम मार्क एक आणि मार्क चार धरून बसायचो. दोन्ही बाजू ऐकायच्या तर आधी गोष्ट सांगायला हवी.

गोष्टीची सुरुवातच अशी आहे की कोणी रचली तर खोटी वाटावी. १९६७ साली लंडनमध्ये ख्रिस कर्टिस नावाच्या ड्रमरच्या डोक्यात कल्पना आली. तो आधी ‘सर्चर्स’ या गाजलेल्या बँडमध्ये होता. त्याला असा बँड हवा होता, ज्यात वादक हवे तेव्हा चढतील, हवे तेव्हा उतरतील. नाव ठेवलं ‘राउंडअबाउट’, जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवरून. टोनी एडवर्ड्स नावाच्या कापड धंद्यातल्या माणसानं पैसे घातले. ऑर्गनवर जॉन लॉर्ड आला, गिटारवर रिची ब्लॅकमोर आला. आणि पहिला उतरला तो स्वतः कर्टिस. त्याचं डोकं थाऱ्यावर राहिलं नव्हतं. लॉर्ड सांगायचा की एकदा तो घरी आला, तर याच्या हातून सगळी खोली चांदीच्या कागदानं मढवलेली. तेव्हा संच मोडण्याची परंपरा बँडला नाव मिळायच्या आधीपासूनची आहे.

‘डीप पर्पल’ हे नाव नंतर मिळालं, तेही ब्लॅकमोरच्या आजीच्या आवडत्या गाण्यावरून. १९६८चा पहिला संच असा: लॉर्ड, ब्लॅकमोर, बेसवर निक सिंपर, गायला रॉड इव्हान्स आणि इव्हान्सबरोबर त्याच्याच जुन्या बँडमधून आलेला ड्रमर इयन पेस. त्यांचं ‘हश’ हे गाणं अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. स्वतःच्या देशात फारसं कोणी विचारत नव्हतं. तरी सव्वा वर्षात तीन अल्बम. इव्हान्सचा आवाज मऊ, थोडासा सूटबूट घातलेला. मला आवडतो. दादा त्याला ‘लग्नातला गायक’ म्हणायचा.

लॉर्ड, ब्लॅकमोर आणि पेसला मात्र जोरात ओरडणारा हवा होता. ब्लॅकमोरनं आपल्या जुन्या सोबत्याला, मिक अंडरवुडला, कोणी आहे का विचारलं. अंडरवुड तेव्हा ‘एपिसोड सिक्स’ या बँडमध्ये ड्रम्स वाजवत होता. त्यानं भाबडेपणानं स्वतःच्याच बँडचा गायक दाखवला, इयन गिलन. गिलनबरोबर बेसवाला रॉजर ग्लोव्हरही गेला. अंडरवुडच्या हाती काय राहिलं ते सांगायला नको.

आता इथे माझं घोडं अडतं. १९६९च्या जूनमध्ये नवा संच लंडनमधल्या हॅनवेलच्या कम्युनिटी सेंटरमध्ये तालमी करत होता आणि त्याच दिवसांत जुना संच ठरलेले कार्यक्रम करत होता. सिंपर आणि इव्हान्सला पत्ता नाही. म्हणजे दिवसा लॉर्ड, ब्लॅकमोर, पेस नव्या दोघांबरोबर वाजवणार, आणि संध्याकाळी जुन्या दोघांशेजारी उभे राहून तीच गाणी, तेच हसणं. मी बराच विचार केला आहे की मधल्या काळात, गाडीत, चहा पिताना, हे तिघं त्या दोघांशी काय बोलत असतील. हवापाण्याचंच बोलत असणार. इंग्लंडात ती सोय बरी आहे.

दादाचं उत्तर ठरलेलं: “पण त्यामुळे मार्क दोन झाला ना!” झाला. आणि काय झाला! सप्टेंबर १९६९मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डनं बँड आणि वाद्यवृंदासाठी रचलेला काँचेर्टो रॉयल फिलहार्मोनिकच्या ताफ्याबरोबर वाजला, माल्कम आर्नल्डच्या निर्देशनाखाली. ब्लॅकमोरला ते व्हायोलिनवाल्यांचं प्रकरण मानवलं नाही, म्हणून पुढचा अल्बम त्याच्या मनासारखा, कानठळ्या बसवणारा. १९७० ते १९७२ या तीन वर्षांत या पाच जणांनी जे केलं त्यावर पुढच्या दोन पिढ्यांनी गिटार शिकली. स्वित्झर्लंडमधलं माँत्रो, पेटलेला कसिनो, तळ्यावर पसरलेला धूर आणि त्या धुराचं गाणं, ‘स्मोक ऑन द वॉटर’, याबद्दल मी इथे लिहिणार नाही. गिटारच्या क्लासला गेलेल्या प्रत्येक पोरानं ते चार सूर शेजाऱ्यांना पुरेसे ऐकवले आहेत. १९७२मध्येच लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ११७ डेसिबल मोजून गिनेसनं त्यांना जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड ठरवलं. एवढ्या आवाजात आतली कुरकुर कोणाला ऐकू येणार?

कुरकुर होतीच. गिलन आणि ब्लॅकमोरचं पटत नव्हतं आणि वर्षभर दौऱ्यांवर दौरे. गिलननं काय करावं? डिसेंबर १९७२मध्ये राजीनाम्याचं पत्र लिहिलं आणि जून १९७३ अखेर, ओसाकाच्या कार्यक्रमापर्यंत, नोटीस पिरियड पुरा केला! रॉक बँडच्या इतिहासात इतका सरळमार्गी सरकारी नोकर दुसरा दिसायचा नाही. ग्लोव्हर मात्र स्वतःहून निघाला नव्हता. ब्लॅकमोरला तो नको होता, म्हणून गेला.

त्यानंतरची भरती मला फार आवडते. गायक हवा म्हणून शोध सुरू झाला, तर रेडकार नावाच्या समुद्राकाठच्या गावातला, कपड्यांच्या दुकानात काम करणारा एकविशी-बाविशीचा पोरगा निवडला गेला, डेव्हिड कव्हरडेल. बेसवर ग्लेन ह्यूज, तो स्वतःही गाणारा. एप्रिल १९७४मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोटारींच्या शर्यतीच्या मैदानावर, लाखोंच्या गर्दीपुढे, कालपरवापर्यंत विजारी विकणारा हा मुलगा उभा आहे. आणि ब्लॅकमोर गिटारनं टीव्हीचा कॅमेरा फोडतोय. दादा या फितीला ‘ठीक’ म्हणायचा. दादाचं ‘ठीक’ म्हणजे बाबांचं ‘बरा करतो’.

वर्षभरानं ब्लॅकमोरच गेला आणि त्याच्या जागी आला टॉमी बोलिन, अमेरिकन, २३ वर्षांचा, केसांत रंग, वाजवण्यात जॅझची लकब. म्हणजे पाचांतले दोघंच मूळ उरले. बोलिनच्या नशिबात काय होतं? त्यानं उत्तम वाजवावं आणि खालून कोणीतरी ‘रिची कुठाय?’ म्हणून ओरडावं. एक अल्बम झाला, १९७५चा. तो मी दादाला न सांगता कितीतरी वेळा ऐकला आहे. बोलिनला हेरॉइनचं व्यसन होतं, आणि जपानच्या दौऱ्यात हातच चालेना अशी अवस्था. १५ मार्च १९७६ला लिव्हरपूलचा कार्यक्रम झाल्यावर कव्हरडेल राजीनामा द्यायला गेला, तर त्याला म्हणे सांगण्यात आलं की राजीनामा द्यायला बँडच उरलेला नाही. त्याच वर्षी ४ डिसेंबरला बोलिन मायामीत गेला. २५ वर्षांचा होता.

मग सगळे पांगले आणि पांगून पुन्हा एकमेकांकडेच गेले. कव्हरडेलच्या ‘व्हाइटस्नेक’मध्ये लॉर्ड आणि पेस. ब्लॅकमोरच्या ‘रेनबो’मध्ये, १९७९ साली, ग्लोव्हर! ज्यानं काढायला लावलं त्याच्याच शेजारी उभा राहून हा बेस वाजवतोय. गिलननं स्वतःचा बँड काढला, त्यात ड्रम्सवर कोण? मिक अंडरवुड. इतका विसराळूपणा मला जमला असता तर आमच्या घरातली निम्मी माणसं आज लग्नकार्यात एकमेकांशी बोलत असती.

आणि १९८०मध्ये रॉड इव्हान्स परत आला. पहिल्या संचातला, मऊ आवाजाचा. मधल्या काळात ‘कॅप्टन बियाँड’ नावाचा बँड करून तो संगीत सोडून बसला होता. कोणा व्यवस्थापकांनी त्याला गाठलं, चार अनोळखी वादक जमवले आणि ‘डीप पर्पल’ या नावानं मेक्सिको-अमेरिकेत कार्यक्रम लावले. लोक मार्क दोनची गाणी ऐकायला आले आणि समोर हा. प्रेक्षक चिडले, बाटल्या आल्या, मग कोर्ट. ६ लाख ७२ हजार डॉलरची भरपाई, आणि इव्हान्सला जुन्या तीन अल्बमांची रॉयल्टीही गमवावी लागली. तोतया म्हणून त्याच्यावर हसतात. पण हा असा तोतया, ज्यानं खरोखर त्या गादीवर बसून राज्य केलं होतं. पाठीमागे तालीम करून त्याला उतरवलं, तेव्हा नाव मागे राहणाऱ्यांचं झालं. कायद्यानं ते बरोबरच. मी दादाला एवढंच विचारलं होतं की मग नाव कोणाचं, जे उरतात त्यांचं की ज्यांनी गायलं त्यांचं? दादा म्हणाला, चहा घे.

इव्हान्स त्यानंतर लोकांपुढे आलाच नाही.

१९८४मध्ये मार्क दोन पुन्हा एकत्र आला. मग १९८९मध्ये गिलनला काढलं, मग परत आणलं, मग नोव्हेंबर १९९३मध्ये हेलसिंकीचा कार्यक्रम करून ब्लॅकमोर भर दौऱ्यात निघून गेला तो कायमचा. काही महिने गिटारवर ‘जो सॅट्रिआनी’ नावाच्या वादकानं वेळ मारून नेली. मग स्टीव्ह मोर्स, तो तब्बल २०२२पर्यंत. ब्लॅकमोरपेक्षा कितीतरी जास्त वर्षं त्यानं ही गादी सांभाळली आणि तरी लोकांच्या लेखी तो ‘नवीन’च राहिला. २००२मध्ये लॉर्डच्या जागी डॉन एअरी. आता गिटारवर सायमन मॅकब्राइड आहे, बेलफास्टचा. लिव्हरपूलला बँड मोडला तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. २०१६मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं या बँडची आठ नावं सन्मानाला घेतली. त्यांत इव्हान्स होता, तो फिरकला नाही. निक सिंपरचं नाव नव्हतं. टॉमी बोलिनचंही नव्हतं.

या सगळ्या चढउतारांत एकच माणूस पहिल्या दिवसापासून जागेवर आहे, इयन पेस. डावखुरा, गोल चष्मा, कोणाशी भांडल्याची बातमी नाही. मला त्याचा जरा रागच होता; हॅनवेलच्या तालमींत तोही होता आणि इव्हान्सबरोबर तर तो आला होता. मग जून २०१६मध्ये त्याला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. बँडनं पुढचे काही कार्यक्रम सरळ रद्द केले. १९६८पासून त्याचा एकही कार्यक्रम चुकला नव्हता. गिटारवाला गेला की दुसरा, गायक गेला की दुसरा, असं अर्धशतक करत आलेल्या लोकांनी त्या आठवड्यात त्या स्टुलावर कोणाला बसवलं नाही. जुलैत तो परत वाजवायला लागला.

कधीतरी तोही उतरेल. त्यानंतर जे वाजेल त्याला मार्क दहा म्हणायचं की नाही, यावर दादाचं आणि माझं फोनवर आत्तापासूनच वाजतं. तो म्हणतो, मुळीच नाही. मी म्हणतो, येणाऱ्या ड्रमरनं काय करायचं मग?